पाच मोजेपर्यंत

उसाचा हंगाम सुरू झाला हे मला रस्त्यावरून कळतं. सकाळी वाचनालय उघडायला निघालो की चौकात कुणीतरी वाढ्यांच्या, उसाच्या हिरव्या शेंड्यांच्या, पेंढ्या उभ्या करून गिऱ्हाइकाची वाट बघत बसलेलं असतं. डांबरावर उसाच्या कांड्या चेंगरून चिकटलेल्या असतात. वारा साखर कारखान्याकडचा असला तर मळीचा आंबूस वास येतो आणि स्वेटरमध्ये दिवसभर राहतो. संध्याकाळी दोन-दोन ट्रेलर ओढत ट्रॅक्टर जातात. त्यांच्या टेपवरची गाणी लांबून येतात, जवळ येतात, आणि गाण्याचा अर्थ लागायच्या आत पुढं निघून जातात.

यंदाही हे सगळं वेळेवर सुरू झालं. आई भाद्रपदात गेली. तिच्याशिवायचा हा पहिला हंगाम.

मला आठवतो तो हंगाम पाच वर्षांपूर्वीचा. त्या वर्षी दिवाळी झाल्या झाल्या पुण्याच्या एका मोठ्या दवाखान्यात आईचं ऑपरेशन झालं. आतड्याच्या शेवटच्या टोकाला गाठ होती. तेवढा भाग काढून टाकला आणि उरलेल्या आतड्याचं तोंड बेंबीच्या डाव्या बाजूला पोटावर आणून ठेवलं. त्यावर पिशवी चिकटवायची. हे कायमचं, असं डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा मी खिडकीबाहेर बघत होतो. आईनं मात्र त्यांच्याकडं बघत विचारलं, "हंडा उचलता येईल का?"

डॉक्टर हसले. तीन महिने पाण्याच्या तांब्यापेक्षा जड काही उचलायचं नाही, म्हणाले. मग बघू.

हंड्याचा प्रश्न मला तेव्हा विचित्र वाटला होता. इतकं सगळं झालंय आणि ही हंडा विचारते. पण इंदापूर तालुक्यातल्या कळंबला आमचं दोन खोल्यांचं घर आणि थोडी जमीन होती. वडील मी दहावीत असताना गेले, तेव्हापासून आई तिथं एकटी राहायची. हापसा घरापासून शंभर पावलांवर. हंडा उचलता येणं म्हणजे स्वतःच्या घरी राहता येणं, आणि न येणं म्हणजे बारामतीत माझ्या एका खोलीत, माझ्या पुस्तकांच्या मधे, दुसऱ्याच्या भरवशावर. तिनं एका वाक्यात सगळंच विचारलं होतं.

वॉर्डात एक वयस्कर सिस्टर होत्या, जाड काचांच्या चष्म्याच्या. पिशवी कशी बदलायची हे त्यांनी आईला तीन दिवसांत शिकवलं आणि मला मुद्दाम बाहेर पाठवलं. "मावशींचं मावशींनाच जमू दे," म्हणाल्या. चौथ्या दिवशी मला आत बोलावून व्यायामाचं सांगितलं.

"हे बघा मावशी, कापडाला बटणासाठी काज केलं की त्याच्या कडेनं शिवण घालावी लागते. नाहीतर ते फाटत जातं. तुमच्या पोटाला आम्ही काज केलंय. त्याच्या कडेचे स्नायू म्हणजे शिवण. ते ढिले पडले तर आतलं आतडं कडेनं बाहेर सरकतं, फुगा येतो."

"अंतर्गळ," आई म्हणाली.

"तोच. हर्निया. आणि फुगा आला की पिशवी सपाट बसत नाही, गळते. मग चार लोकांत बसायची चोरी. म्हणून हे रोज करायचं."

"घालू की शिवण," आई म्हणाली. जणू गोधडी टाकायची होती.

व्यायाम तीनच होते, आणि इतके हलके की मला त्यांच्यावर विश्वास बसेना. उताणं झोपून गुडघे वर घ्यायचे, श्वास सोडत सोडत बेंबी पाठीकडं ओढायची, पाच मोजेपर्यंत तसंच ठेवायचं, मग सैल. दुसऱ्यात तसंच करताना कंबर जमिनीला टेकवायची. तिसऱ्यात दोन्ही गुडघे जोडून हळूच या अंगाला, मग त्या अंगाला न्यायचे. तिसरा करताना आई हसायला लागली आणि हसताना टाके दुखले म्हणून पोटावर हात धरला. "कातरताना मेंढरू लोळवत्यात तसं हाय हे," ती म्हणाली. सिस्टर म्हणाल्या, "बरोबर धरलंत पोट. खोकतानाही असंच धरायचं."

निघताना त्यांनी सायक्लोस्टाइल केलेला एक कागद दिला. मी तो बारामतीला आल्यावर पुठ्ठ्यावर चिकटवला आणि खिळ्याला टांगला. त्यातली ओळन् ओळ मला अजून पाठ आहे. चौथी ओळ अशी होती: रुग्णाने स्वतः मोठ्याने आकडे मोजावेत.

आमचं मूळ मेंढरांचं घर. कालव्याचं पाणी आलं, ऊस आला, आणि मी चार-पाच वर्षांचा असताना वडिलांनी शेवटची मेंढरं काढली. मला त्यांचा फक्त वास आठवतो. पण मेंढरं गेली तरी त्यांचे रिवाज घरात राहिले होते, त्यातला एक म्हणजे मोजायचं नाही. मेंढरं वाघुरीत घेताना, म्हणजे जाळीच्या कुंपणात कोंडताना, धनी नुसता बघतो आणि एक कमी असली तर त्याला कळतं. तोंडानं एक, दोन, तीन म्हटलं की नजर लागते. आईनं हा नियम सगळ्याच गोष्टींना लावला होता. भाकरी मोजायची नाही, कोंबडीची पिल्लं मोजायची नाहीत. माझं वयसुद्धा ती "झाला की आता मोप" एवढंच सांगायची.

तर पहिल्याच सकाळी तिनं मोजायला नकार दिला.

"मोठ्यानं मोजायचं आहे, आई."

"पोटावर हात ठिवून आकडं म्हनू? हे असलं दुखणं असताना? न्हाय बाबा."

"मग व्यायाम कसा होणार?"

"तू मोज की. शिकल्यालाला काय हुत न्हाय."

मला ते सोयीचं वाटलं. माझ्याकडून काहीतरी होतंय असंही वाटलं असेल. कागदावर रुग्णानं मोजावं असं लिहिलं होतं, कारण लिहिलं नव्हतं. मी दिवसभर पुस्तकांची कार्डं लिहिणारा माणूस. एखाद्या नोंदीत लेखकाचं नाव आडनावाआधी आलं तरी मला चैन पडत नाही. आणि ती ओळ मी वाचली, समजली असं धरलं, आणि पुढं गेलो. आकडे कुणीही म्हटले तरी पाच म्हणजे पाचच, असा माझा हिशेब होता.

दुसरी अडचण मी अडचण म्हणून मोजलीच नाही. खोली एकच. आई घोंगड्यावर झोपायची आणि अंगावर गळ्यापर्यंत चादर ओढायची. मी पुस्तकांच्या फळीकडं तोंड करून, तिच्याकडं पाठ करून बसायचो. तिनं सांगितलं नव्हतं, मी विचारलं नव्हतं. ते तसंच असणार होतं. ज्या पोटातून मी आलो ते मी कधी पाहिलं नव्हतं, आणि आता त्यावर जे होतं ते तर तिनं जगापासून लपवायचं ठरवलं होतं.

मग सुरू व्हायचं. बाहेर कालव्याकडून गारठा येत असायचा, शेजारी कुणाचा तरी स्टोव्ह भरभरत असायचा. मी पुस्तकांच्या पाठींवर नजर ठेवून म्हणायचो, "एक... दोन... तीन... चार... पाच." आणि पाच म्हटलं की मागून आवाज यायचा, "हुश्श." लांब, दमलेला, समाधानाचा. दहा वेळा हा व्यायाम, दहा वेळा तो. प्रत्येक पाचाला एक हुश्श. मला त्या आवाजाची सवय झाली, मग ओढ लागली. हुश्श जोरात आला की मला वाटायचं, आज व्यायाम चांगला झाला.

एका रविवारी कन्हेरीहून मामा आला. आईचा धाकटा भाऊ. त्याच्याकडं अजून वीस-पंचवीस मेंढरं होती. त्यानं पिशवीतून हुरड्याची कणसं काढली आणि माझ्या फळ्यांकडं बघितलं.

"मास्तर, पुस्तकाचं दुकान कसं चाललंय?"

"दुकान नाही मामा, वाचनालय. लोक वाचून परत आणून देतात."

"म्हंजी माल परत येतो. मग बुडालंच की रं तुझं."

आई चादरीखाली हसली. मी व्यायामाचं सांगितलं, मोजायला ती तयार नाही हेही सांगितलं. मामा म्हणाला, "ही शाळंत गेली असती तर मास्तरानं हजेरी घेताना पळून आली असती. आक्का, मोज की गं, एवढं काय."

"तू मोजतूस का तुझी मेंढरं?"

मामानं कणसं उचलली. हुरडा भाजायला शेगडी कुठंय म्हणून विचारायला लागला.

त्या दिवसाची दुपार मला फार चांगली आठवते, आणि तिच्याबद्दलच मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं. दूध सुटलेल्या ज्वारीचा वास, राखेचे कण, मामाच्या पटक्याला मेंढरांचा वास. आई उशीला टेकून बसली होती. चार दाणे तोंडात टाकून म्हणाली, "होळीला मी माझ्या घरी पुरणाची पोळी करनार." आम्ही तिघंही तसंच होणार असं धरून चाललो होतो. मी तर पुठ्ठ्याच्या मागच्या बाजूला रोजची खूण करत होतो. एकही दिवस चुकला नव्हता.

संक्रांतीनंतर ती न्हाणीत जास्त वेळ लावायला लागली. एकदा म्हणाली, "ह्या पिशव्या हलक्या दिल्यात का रं? कड उचलती." मी पिशव्यांना दोष दिला. पुण्याला दाखवायची तारीख जवळ आली होती, तेव्हा विचारू म्हटलं.

एसटीत ती खिडकीशी, पिशवीवर हात ठेवून बसली. दर खड्ड्याला हाताची बोटं आवळायची.

वॉर्डात पडदा होता. त्याच्या आत आई आणि सिस्टर, बाहेर स्टुलावर मी. सिस्टर म्हणाल्या, "उभ्या राहा मावशी. आता खोका." आई खोकली. सिस्टरांनी तिला पुन्हा एकदा खोकायला लावलं.

"व्यायाम करत होता ना?"

"एक दिस सोडला न्हाय. माझ्या लेकाला इचारा."

"मला करून दाखवा. झोपा इथं."

पडद्यामागून आईचा आवाज आला, "शिवा, मोज की रं."

आणि मी मोजायला लागलो. दवाखान्यात, स्टुलावर बसून, हिरव्या पडद्याकडं पाठ करून. एक... दोन... तीन...

"थांबा," सिस्टर म्हणाल्या. "ते का मोजताहेत?"

"मी मोजत न्हाय," आई म्हणाली.

"मावशी, तुम्ही श्वास धरून ठेवलाय. पोट आत जायला पाहिजे, तुमचं तर वर फुगतंय. रोज असंच करत होता?"

"दम धरल्याबिगर जोर येतुया व्हय? मोळी डोक्यावर घेताना, मेंढरू उचलताना दम धरावाच लागतुया. त्यो पाच म्हनंपतुर मी दम धरती. सोडत न्हाय मधे."

सिस्टर पडदा सारून बाहेर आल्या. चिडल्या नव्हत्या. चष्मा काढून पदरानं पुसला. "मोठ्यानं आकडे म्हणणारा माणूस श्वास धरू शकत नाही," त्या मला म्हणाल्या. "त्यासाठीच ते लिहिलंय. श्वास कोंडून जोर लावला की सगळा दाब त्या काजावर येतो. तुम्ही बघत नव्हता का?"

मी बघत नव्हतो. फळीवरच्या पुस्तकांची नावं बघत होतो. तो हुश्श म्हणजे काय होतं हे मला त्या स्टुलावर कळलं.

फुगा लिंबाएवढा होता. डॉक्टर नंतर म्हणाले की व्यायाम नीट केला असता तर आलाच नसता असं सांगता येत नाही, काहींना सगळं नीट करूनही येतो. अजून लहान आहे, पट्टा वापरा, वाढू द्यायचा नाही. हे त्यांचं वाक्य खरं असणार. मी ते पाच वर्षं जवळ बाळगून आहे. दिवसा त्याचा उपयोग होतो.

सिस्टरांनी आईला पुन्हा झोपवलं. मला म्हणाल्या, आत या. मी आईकडं बघितलं. तिनं क्षणभर डोळे मिटले, मग मान हलवली. मी आत गेलो. पदर बाजूला होता. आईचं पोट माझ्या अंदाजापेक्षा गोरं होतं, आणि त्याच्यावर ती लाल, ओली, कळीसारखी गोष्ट, तिच्या बाजूला ती सूज. बघायला जितकं अवघड जाईल वाटलं होतं तितकं गेलं नाही. मला एवढंच वाटलं की हे बघायला दोन महिने उशीर झाला.

"आकडे नको असतील तर दुसरं काही म्हणा," सिस्टर म्हणाल्या. "देवाचं नाव म्हणा. तोंड चालू पाहिजे, बस."

आई वर छताकडं बघत राहिली. मग श्वास सोडत म्हणाली, "काळमुखी. बांडी. भोरी. लांबकानी." आणि थांबली.

"हे काय?"

"माझी मेंढरं," आई म्हणाली. "लगनात बापानं दिल्याली."

मोजणं चालत नव्हतं, हाका मारणं चालत होतं. सिस्टर हसल्या. त्यांनी आईच्या पोटावर हात ठेवला होता आणि प्रत्येक नावाला पोट थोडंथोडं आत जात होतं. "आता बरोबर," त्या म्हणाल्या.

नंतरचे दीड-दोन महिने आमच्या खोलीत रोज ती मेंढरं यायची. मी आता समोर बसायचो. काळमुखी, बांडी, भोरी, लांबकानी. पाचव्या वेळेला आई ओठ मिटून गप्प राहायची, मग सैल सोडायची. मी एकदा विचारलं, "पाचवी कोण?"

"हाय एक."

"नाव काय तिचं?"

"ऱ्हाऊ दे की ती भाईर."

मला वाटलं, विसरली असेल. किंवा तिला तिथंच दम लागत असेल. मी सोडून दिलं. चार तरी नीट होत होते.

होळीला ती कळंबला गेली. पोळी केली. शिवणीचा पट्टा लुगड्याखाली बांधून हापशावर गेली आणि हंडा अर्धाच भरला. त्या दिवसापासून अर्धा हंडा, दोन खेपा. बायका विचारायच्या तर म्हणायची, "मला कुठं जायची घाई हाय?" फुगा मोसंबीएवढा झाला आणि तिथं राहिला. तरी पिशवी कधीतरी गळायचीच. एका लग्नात पंगत बसायच्या आधी ती उठली आणि कुणाला न सांगता एसटीनं घरी गेली. मला हे वर्षभरानं मामाकडून कळलं. सगळं नीट असतं तर ती त्या पंगतीत बसली असती, वाढणाऱ्याला मीठ मागितलं असतं. माझ्या चुकीची शिक्षा कधी कधी मला एवढ्या बारीक मापाची दिसते, एक न खाल्लेलं जेवण, आणि म्हणूनच ती संपत नाही. ती गेली ती दुसऱ्या कारणानं. गाठ परत आली, यकृतात. अंतर्गळानं कुणी मेलं नाही. हेही वाक्य मी बाळगतो.

परवा कन्हेरीला गेलो होतो. मामा थकलाय. दहा-बाराच मेंढरं उरलीत. दिवस मावळताना तो वाघुरीच्या तोंडाशी उभा राहिला, मेंढरं एकेक करून आत जात होती. मी त्याला विचारलं, आईला लग्नात किती मेंढरं दिली होती.

"पाच."

"चारांची नावं मला माहीत आहेत. पाचवी कोण?"

"तुला कशी ठाव?" मी व्यायामाचं सांगितलं. नावांचं, पाचव्या वेळच्या गप्प बसण्याचं. तो जाळीला हात धरून ऐकत राहिला.

"पाचवीचं नाव हुतं की," तो म्हणाला. "पन आक्का ते घेनार न्हाय. सगळ्यांस्नी हाक मारायची न्हाय, शिवा. शेवटचं एक तोंडात ठिवायचं. सगळी बोलावली म्हंजी कळप पुरा झाला. पुरा झाल्यावर कमीच हुतं."

"मग तोंड मिटून काय करायची ती?"

"दम धरून मनात म्हनायचं. आई आमची तशीच करायची."

शेवटची मेंढी आत गेली. मामानं जाळी ओढून घेतली. त्यानं मला पाचवीचं नाव सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

म्हणजे दुरुस्त केल्यावरसुद्धा दर पाचात एकदा तिनं दम कोंडलाच. परतीच्या एसटीत मी त्याचा गुणाकार करायला लागलो, रोजचे किती, महिन्याचे किती, आणि बाहेर उसाचे ट्रेलर एकामागून एक मागं जात होते. मग गुणाकार सोडून दिला. ती कुणासाठी कळप अपुरा ठेवत होती हे समोर बसून मला कळायला हवं होतं. घरात तिच्याशिवाय राहिलेला एकच माणूस तिच्यासमोर पुठ्ठा घेऊन बसलेला होता.

आज सकाळी घोंगडं टाकलं आणि त्यावर उताणा झोपलो. गुडघे वर घेतले, बेंबीच्या डाव्या बाजूला हात ठेवला. बाहेर गारठा होता, एक ट्रॅक्टर गाणं वाजवत गेला. मी श्वास सोडत म्हटलं, काळमुखी. बांडी. भोरी. लांबकानी. पाचवं नाव मला माहीत नाही, आणि असतं तरी घेतलं नसतं. पण ओठ मिटले नाहीत. नुसता श्वास सोडत राहिलो, आणि हाताखाली पोट हळूहळू आत गेलं.

नाव न घेताही श्वास सोडता येतो. एवढंच तिला सांगायचं राहिलं.